थॉमस पेनचा एक परिच्छेद मराठीत आणताना अडले आहे, मदत हवी

पाऊलखूण

गेले दोन महिने रात्रीची कामं आवरली की तासभर बसून थॉमस पेनच्या 'द अमेरिकन क्रायसिस'चा (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याने लिहिलेल्या पत्रकांच्या मालिकेचा) पहिला अंक मराठीत आणतेय. लिखाण छोटंसंच आहे. पण अगदी सुरुवातीलाच अडले आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल.

पेन मूळचा अमेरिकेतला नव्हे. इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावात १७३७ साली जन्मला. बापाचा धंदा बायकांचे कॉर्सेट शिवण्याचा, तोच हा शिकला. पुढे अबकारी खात्यात नोकरीला लागला. अबकारी कारकुनांना पगार पुरत नाही म्हणून त्यांच्या वतीने अर्ज लिहिला, पार्लमेंटच्या दारात खेटे घातले. १७७४ मध्ये नोकरी गेली, दुकान बुडालं, बायकोपासून वेगळा झाला. वय सदतीस, हातात काही नाही. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिनची ओळख झाली होती, त्याचं शिफारसपत्र खिशात घालून जहाजावर चढला. ३० नोव्हेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियाला पोहोचला तेव्हा तापाने इतका खंगला होता की त्याला उचलून उतरवावं लागलं.

यानंतर जेमतेम तेरा-चौदा महिन्यांनी, जानेवारी १७७६ मध्ये, त्याचं 'कॉमन सेन्स' छापून आलं. मुखपृष्ठावर नाव नव्हतं. या तारखेचं महत्त्व लक्षात घ्या. लेक्सिंग्टन आणि बंकर हिलला इंग्रज फौजेशी लढाया होऊन गेल्या होत्या, माणसं मेली होती, तरी आदल्या वर्षीच्या जुलैत अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने (म्हणजे प्रतिनिधींच्या सभेने) इंग्लंडच्या राजाकडे सलोख्याची विनंतीच पाठवली होती. पार्लमेंट वाईट, पण राजा चांगला, अशी बहुतेकांची समजूत. डॉक्टर बेंजामिन रश तर पेनला म्हणाला होता की बाकी काहीही लिही, पण 'स्वातंत्र्य' हा शब्द टाळ. पेनने नेमका तोच लिहिला. एका बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं यात कसली अक्कल आहे, असं सरळ विचारलं.

मला त्याचं सगळ्यात जास्त काय भावतं, तर त्याची भाषा. त्या काळची राजकीय पत्रकं वकील मंडळी लिहीत. जॉन डिकिन्सनची 'शेतकऱ्याची पत्रं' फार गाजलेली, पण प्रत्येक पत्राच्या शेवटी लॅटिन वचन. पेन असं काही करत नाही. राजा देवाने नेमलेला नसतो हे सांगायला तो बायबलमधली शमुवेलची गोष्ट काढतो, कारण ते पुस्तक घरोघरी होतं. सुतार, खलाशी, छापखान्यातली पोरं, सगळ्यांना कळावं म्हणून लिहिलेलं आहे ते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी खाणावळीत दुसऱ्याकडून वाचून घेतलं.

म्हणूनच माझा अनुवाद पुस्तकी झाला तर सगळ्यावर पाणी पडेल.

आता अडचण. 'क्रायसिस'च्या दुसऱ्याच वाक्यात 'समर सोल्जर' आणि 'सनशाइन पेट्रियट' असे दोन शब्द आहेत. म्हणजे हवा छान असेल तोवरच सैन्यात असणारा आणि ऊन असेल तोवरच देशभक्त. शब्दशः 'उन्हाळी शिपाई' केलं तर आपल्याकडे अर्थ उलटा होतो. तुमच्या भागात काय म्हणतात?

माळरान

ताई, विषय फार आवडला. आमच्याकडे (सोलापूर जिल्हा) चैत्र-वैशाखात जो रानात उभा राहील त्याला कुणी 'सुखाचा सोबती' म्हणणार नाही. उन्हात उभं राहणं हीच खरी परीक्षा. तेव्हा ऊन आणि उन्हाळा दोन्ही शब्द टाकून द्या. 'समर' तर मराठीत लढाईच, म्हणजे आणखी घोटाळा.

'सुगीपुरता शिपाई' कसं वाटतं? सुगीला सगळे गोळा होतात, खळ्यावर माणूस मावत नाही. पेरणीला आणि खुरपणीला कोण आलं होतं ते मालकाला बरोबर ठाऊक असतं.

दफ्तरदार

माळरान यांचा शब्द चांगला आहे. मला 'दसऱ्याचा शिपाई' सुचलं होतं, पण लिहिता लिहिता मीच थांबलो. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घरी परतायचं ही रीतच होती. शिपाई शेतकरीही होता. त्याला पेनची शिवी लावली तर अन्याय होईल.

त्याच काळात इकडे इंग्रजांशी आपलं पहिलं युद्ध चालू होतं, १७७५ ते १७८२. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांनी मुंबईहून आलेल्या इंग्रजी फौजेला कोंडून तह करायला लावला. त्याच्या सव्वा वर्ष आधी तिकडे अमेरिकेत साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइनने शस्त्रं ठेवली होती. आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, गाझीपूरला मेला. शाळेत मला हे दोघे वेगळे कॉर्नवॉलिस वाटायचे.

पण मुद्दा शिपायाचा. अमेरिकेतही शेतकरीच होते ना? मग पेन कुणावर चिडलाय?

पाऊलखूण

दफ्तरदार, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, कारण याच ठिकाणी तो मजकूर जिवंत होतो.

१७७६ चा नोव्हेंबर. वॉशिंग्टनची फौज न्यूयॉर्क हरली. फोर्ट ली सोडताना चुलीवरच्या हंड्यासुद्धा मागे राहिल्या. पेन तेव्हा जनरल ग्रीनच्या हाताखाली होता, त्या माघारीत सगळ्यांबरोबर न्यू जर्सी चालत गेला. वाटेत रोज माणसं गळत होती. बहुतेकांची भरती ३१ डिसेंबरपर्यंतचीच, त्यामुळे उरलेलेही दिवस मोजत होते. पायात धड जोडे नाहीत. फिलाडेल्फियातून काँग्रेस बाल्टिमोरला हललेली.

अशा वेळी १९ डिसेंबरला 'क्रायसिस'चा पहिला अंक छापला गेला. डेलावेअर नदी ओलांडायच्या आधी तो सैनिकांना वाचून दाखवला, असं सांगतात. नाताळच्या रात्री सुमारे २४०० माणसं बर्फाच्या तुकड्यांतून होड्यांनी पलीकडे गेली आणि २६ च्या सकाळी ट्रेंटनला इंग्रजांच्या हेसियन (जर्मन) भाडोत्री शिपायांची छावणी पडली. नऊशेच्या आसपास कैद झाले. अमेरिकनांपैकी दोघे मेले ते वाटेत थंडीने गारठून. मग वॉशिंग्टनने मुदत संपलेल्यांना दहा डॉलर जादा देऊन आणखी सहा आठवडे थांबायला विनवलं.

तेव्हा पेनचा राग मुदत संपून घरी जाणाऱ्या गरिबावर नाही, असं मला वाटतं. जुलैत स्वातंत्र्याची घोषणा वाचताना टोप्या उडवणाऱ्या आणि डिसेंबरात शत्रूकडून माफीचा कागद घेणाऱ्या माणसांवर आहे. न्यू जर्सीत असे कागद घेणारे हजारो निघाले होते. म्हणून 'दसऱ्याचा शिपाई' नको, तुमचं बरोबर आहे.

सरळरेघ

लेख चांगला आहे, पण पेनला फार मोठं करू नका. 'कॉमन सेन्स'चे आकडे त्याने स्वतः सांगितलेले आहेत. तीन महिन्यांत एक लाख वीस हजार प्रती, असं तोच म्हणतो. वसाहतींची लोकसंख्या पंचवीस लाख, त्यात सुमारे पाच लाख गुलाम, आणि तेव्हाचे हातांनी चालवायचे छापखाने. अलीकडचे अभ्यासक हा आकडा बराच खाली आणतात.

दुसरं म्हणजे राज्य कसं चालवावं याबद्दल त्याचं डोकं फार चालत नव्हतं. एकच सभागृह पुरे, असं म्हणाला. काँग्रेसमधल्या जॉन अॅडम्सने (पुढे हाच अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष) ते वाचूनच 'थॉट्स ऑन गव्हर्नमेंट' लिहिलं, दोन सभागृहं आणि वेगळी न्यायसत्ता मागितली. पुढे टिकलं ते अॅडम्सचं. घर पाडायला एक माणूस लागतो, बांधायला दुसरा.

पाऊलखूण

आकड्याचं मान्य. तो वाढवलेलाच असणार. पहिला छापखानदार रॉबर्ट बेल आणि पेन यांचं नफ्यावरून भांडण झालं, मग दुसऱ्याने छापलं, गावोगाव परवानगी न घेता छापलं गेलं, मोजणार कोण? (नफ्यातला आपला वाटा पेनने क्वेबेकच्या मोहिमेवरच्या सैनिकांच्या हातमोज्यांसाठी ठेवला होता. बेल म्हणाला नफा झालाच नाही.)

पण घर पाडणारा एवढाच तो होता, हे मला पटत नाही. १७९७ चं 'अॅग्रेरियन जस्टिस' वाचा. जमीन मुळात सगळ्यांची, ती काहींच्या मालकीची झाली म्हणून बाकीच्यांचं जे गेलं त्याची भरपाई द्या, असं तो म्हणतो. वारसाहक्काच्या मालमत्तेवर कर बसवायचा आणि त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला पंधरा पौंड, पन्नाशीनंतर दरसाल दहा पौंड. प्रत्येकाला, गरीब असो वा श्रीमंत, आणि भीक म्हणून नव्हे तर हक्क म्हणून. अॅडम्सचं घर भक्कम आहेच. पण त्या घरात म्हाताऱ्या मोलकरणीला कुठे बसवायचं हा प्रश्न त्या पिढीत फार थोड्यांनी विचारला.

पाटीपेन्सिल

इथे जोतीरावांचं नाव अजून कसं आलं नाही?

१८४७ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, जोतीराव फुल्यांच्या हातात पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' पडलं. ते आणि त्यांचे मित्र ते पुण्यात बसून वाचत. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा. शेवटच्या काळातल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकातला निर्मिक वाचताना मला पेनचं 'एज ऑफ रीझन' आठवतं. एक निर्माता, मध्ये भट नको, दलाल नको. आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल.

पण ही अर्पणपत्रिका वाचून वर्गातली मुलं मला हमखास विचारतात, की स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते, मग 'सर्व माणसं समान' हे कुणासाठी? मी त्यांना झाकून सांगत नाही. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता, तो काँग्रेसने काढून टाकला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला नको होता, आणि जहाजं चालवणाऱ्या उत्तरेच्या लोकांनाही बोचत होता. जेफरसननेच हे लिहून ठेवलंय.

मग मी त्यांना एलिझाबेथ फ्रीमनची गोष्ट सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये शेफील्ड गावात कर्नल अॅशलीच्या घरी ती गुलाम होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. १७८० च्या राज्यघटनेतले शब्द, सगळी माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत, हे तिच्या कानावर पडलं. ती उठून थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली आणि विचारलं, की मीही माणूसच ना, मग हा कायदा मला का लागू नाही? १७८१ मध्ये खटला जिंकली. अॅशलीने तिला पगारावर परत बोलावलं. ती गेली नाही, सेजविकच्या घरी कामाला राहिली.

पाऊलखूणताई, तुम्ही वाचून दाखवण्याबद्दल लिहिलंत म्हणून हे आठवलं. घटनेचा तो मसुदा, सरळरेघ, तुमच्या अॅडम्सचाच.

सरळरेघ

फ्रीमनची गोष्ट मला ठाऊक नव्हती. धन्यवाद, मनापासून.

अंगणवेल

ताई, 'समर सोल्जर'च्या त्या वाक्याचा शेवट नीट बघा. आज जो टिकून राहील तो 'मॅन अँड वुमन' दोघांच्या प्रेमाला पात्र आहे, असं पेन लिहितो. अनुवादात 'सर्वांच्या' करू नका, बाई गाळली जाईल.

१७७६ च्या मार्चमध्ये जॉन अॅडम्सची बायको अॅबिगेल ब्रेनट्रीला एकटीने शेत आणि चार मुलं सांभाळत होती. नवऱ्याने 'कॉमन सेन्स' पाठवलं तर तिने कळवलं की यातले विचार मला फार भावले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला तिचं ते पत्र, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. जॉन अॅडम्सने उत्तर दिलं की मला हसू आवरत नाही. मला ते हसू अजून सलतं. पुस्तक तिच्यापर्यंत पोहोचलं होतं, अर्थही पोहोचला होता.

'सनशाइन'साठी माझा शब्द: उघडीप. चार दिवस झड लागून मग पाऊस थांबतो, तेव्हा आमच्या कोकणात 'उघडीप पडली' म्हणतात आणि मग सगळे घराबाहेर पडतात. 'उघडिपीचा देशभक्त'.

माळरान

उघडीप! आमच्याकडेही म्हणतात. हाच घ्या.

दफ्तरदार

+१. यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही.

अवांतर: पेनला हिंदुस्थान ठाऊक होता. 'क्रायसिस'च्या दुसऱ्या अंकात (जानेवारी १७७७) इंग्लंडबद्दल तो म्हणतो की हिंदुस्थानच्या रक्ताची भरपाई अजून झालेली नाही आणि आफ्रिकेच्या हालांचा हिशेबही चुकता व्हायचा आहे. बंगालच्या भीषण दुष्काळाला तेव्हा सहा-सात वर्षंच झाली होती. फिलाडेल्फियात बसलेल्या एका कॉर्सेटवाल्याला हे दिसलं. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणाऱ्या एडमंड बर्कलाही दिसलं, आणि याच बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणाऱ्या पुस्तकाला उत्तर म्हणून पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं. हिंदुस्थानबद्दल एकमत, फ्रान्सबद्दल हाडवैर. यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.

हडसनकाठ

मी न्यू रोशेलपासून गाडीने वीस मिनिटांवर राहतो, म्हणून लिहितो. न्यूयॉर्क राज्याने युद्धानंतर पेनला तिथे एका राजनिष्ठाची (इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिलेल्याची) जप्त केलेली शेतजमीन दिली होती. त्याचं लाकडी घर अजून आहे.

वरच्या चर्चेत त्याचा शेवट आला नाही. 'राइट्स ऑफ मॅन'वरून इंग्लंडने राजद्रोहाचा खटला भरला, तो चालेपर्यंत हा फ्रान्समध्ये निवडून गेलेला. तिथे सोळाव्या लुईला मारू नका, अमेरिकेला पाठवा, असं भर सभेत सांगितलं. राजेशाहीच्या विरोधात आयुष्य घातलेला माणूस राजाचा जीव वाचवायला उभा राहिला. डिसेंबर १७९३ मध्ये लक्झेंबर्ग तुरुंगात गेला, दहा महिन्यांहून जास्त होता, गिलोटिनपासून थोडक्यात वाचला. अमेरिकेचा तिथला राजदूत गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नावच) याने सोडवायला हालचाल केली नाही. पुढे जेम्स मनरो आला, त्याने सोडवलं. वॉशिंग्टन गप्प राहिला हे पेनने कधी माफ केलं नाही, छापील पत्र लिहून त्याला नको नको ते बोलला. त्यात 'एज ऑफ रीझन'मुळे चर्चवाले दुखावलेले. १८०२ मध्ये परतला तेव्हा लोक रस्त्यात तोंड फिरवत.

१८०६ साली न्यू रोशेलला तो मत द्यायला गेला. निवडणुकीच्या अधिकाऱ्याने सांगितलं, तू अमेरिकन नागरिक नाहीस. मॉरिसने तुला सोडवलं नाही, वॉशिंग्टननेही नाही. पेन कोर्टात गेला, पुराव्यासाठी जुन्या ओळखीच्यांना पत्रं लिहीत राहिला.

मला इथे येऊन एकोणीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि त्याच नोव्हेंबरात पहिलं मत दिलं. रांगेत उभा असताना हाच प्रसंग डोक्यात होता. टेबलामागच्या बाईंनी यादीत माझं नाव शोधलं, आडनाव दोनदा विचारलं, सही घेतली आणि कागद हातात दिला. मी बाहेर येऊन गाडीत थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

८ जून १८०९ ला पेन न्यूयॉर्कमध्ये गेला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दफनभूमीत जागा नाकारली, म्हणून शेतातच पुरलं. जेमतेम सहा जण होते, त्यात दोन कृष्णवर्णीय. फ्रान्समध्ये ज्यांच्या घरी तो राहिला होता त्या मादाम बोनविल खड्ड्याच्या एका टोकाला उभ्या राहिल्या, धाकट्या मुलाला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाल्या, तू कृतज्ञ अमेरिकेच्या वतीने साक्षीला उभा राहा, मी फ्रान्सच्या वतीने. दहा वर्षांनी इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने सन्मानाने पुरायची म्हणून हाडं उकरून इंग्लंडला नेली. ती त्याच्याकडून कधी पुरली गेली नाहीत आणि त्याच्या मृत्यूनंतर कुठे गेली त्याचा पत्ता लागला नाही.

अंगणवेल

हे वाचून गलबलून आलं, दादा.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. हडसनकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

आता हे असं झालंय:

"माणसाच्या जिवाची परीक्षा पाहणारे हे दिवस आहेत. सुगीपुरता शिपाई आणि उघडिपीचा देशभक्त या घडीला देशाच्या कामातून अंग काढून घेईल. पण आज जो पाय रोवून उभा राहील, त्याने बाया आणि बापे, दोघांचं प्रेम आणि दुवा कमावली. जुलूम नरकासारखाच, सहजी हटत नाही."

काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. आधी मी 'अत्याचारी सत्ता' लिहिलं होतं, तिथे ती 'म्हणजे सरकार का?' म्हणाली. 'जुलूम' केल्यावर थांबली नाही. उघडीप तिला लगेच कळली.

मग पुढचा भाग वाचला. अँबॉय गावात एक राजनिष्ठ खाणावळवाला दारात उभा आहे, हाताला आठ-नऊ वर्षांचं गोड पोर. बोलता बोलता म्हणतो, "माझ्या हयातीत शांतता मिळाली म्हणजे झालं." पेन लिहितो की खऱ्या बापाने म्हणायला हवं होतं, "संकट यायचंच असेल तर माझ्या हयातीत येऊ दे, म्हणजे माझ्या लेकराला शांतता लाभेल."

आई म्हणाली, हयात नको, कागदावरचं वाटतं, 'माझ्या डोळ्यांदेखत' कर. तसं केलंय. मग विचारलं, त्या पोराचं पुढे काय झालं? पेनने पुढे त्याच्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, उद्या पुढचं वाच.